पाय लागला तर

४ मे

आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा म्हणजे काय, तर कर्वेनगरातल्या एका संस्थेत तीन आठवडे निरनिराळ्या देशांची पोरं एकत्र राहणार, दिवसभर पाणी, शहर, पर्यावरण असल्या भारदस्त विषयांवर चर्चा करणार, आणि अंगात आळस राहू नये म्हणून सकाळी सहाला माझ्याकडे येणार. वेळापत्रकात माझ्या नावापुढे 'मॉर्निंग ॲक्टिव्हिटी' असं छापलंय. छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत खो-खो शिकवला, जिल्ह्याचे करंडक आणले, आणि आता मी ॲक्टिव्हिटी. असो.

शाळा चालवतो तो केयूर. पस्तिशीचा, दाढीवाला, लॅपटॉप काखेत मारून फिरतो. मला म्हणाला, "बाई, यंदा प्रयोग आहे. शेवटच्या संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष आणि पाहुणे येतील. मुलांनी तेव्हा खेळून दाखवलं तर खो-खोचा वर्षभराचा कोर्स सुरू करता येईल, तुमच्या हाताखाली. नाहीतर अध्यक्षांना झुंबा हवाय."

झुंबा! जळ्ळं मेलं ते लक्षण.

खरं सांगायचं तर मला हा कोर्स हवाय. नुसता हवाय नाही, जीव तुटतोय. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. अजून पहाटे जाग येते आणि उठून करायचं काय ते सुचत नाही. यांचं बरं आहे. हे दूध आणतात, शब्दकोडं सोडवतात, खूष असतात. मला मैदान हवं. यात लाज कसली? आणि इथे वाचायला येतंय कोण?

५ मे

सगळे मिळून पंधरा जण. नावं पाठ व्हायला वेळ लागेल, पण चौघं पहिल्याच दिवशी लक्षात राहिली.

योनास, जर्मनीचा. जर्मन माणसं वेळेची पक्की, असं मी मुलींना आयुष्यभर सांगत आले. हा बाबा डोळे चोळत आला तेव्हा आमचं पळणं आटोपलं होतं. अचिएंग, केनियाची. काय पळते! बघून डोळे निवले. केंटा, जपानचा. बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो, मधे एक अक्षर बोलत नाही. आणि आपली रुपाली. मूळची वाशिमची, वाघोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, इथे निवड होऊन आली. खो-खो आधी खेळलेली ही एकटीच. बाकीच्यांना वाटलं खो-खो हे जेवणाचं नाव असावं.

शब्दांनी समजेना म्हणून मीच पळून दाखवलं. अंगावर साडी, पायात बूट, गुडघा कुरकुरतोय, पण रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दाखवलं. पोरं डोळे फाडून बघत होती. योनासने तर फोनवर चित्रणसुद्धा केलं.

माझं इंग्रजी यथातथाच. मी मराठीत ओरडते, रुपाली इंग्रजीत सांगते, तोवर अचिएंग पळालेली असते.

८ मे

अचिएंग खो देतच नाही. बसलेल्यांच्या जवळून वाऱ्यासारखी जाते आणि एकटीच गड्याच्या मागे लागते. मी तिला थांबवलं. म्हटलं, "अगं, खो दे! पाठीवर हात ठेव, खो म्हण, त्याला पळू दे."

"पण मी दमले नाहीये," ती म्हणाली.

"तू दमली नाहीस गं बाई, पण गडी मागे वळला. तुला वळता येत नाही, पाठ करून बसलेल्याला येतं. म्हणून निम्मे इकडे तोंड करून बसतात, निम्मे तिकडे."

तिने कमरेवर हात ठेवून रांगेकडे बघितलं. "म्हणजे मला जे दिसतं ते याला दिसत नाही, आणि मला जे जमत नाही ते याला जमतं?"

"आता कसं शहाण्यासारखं बोललीस."

त्यानंतर ती अशी काही खो देत सुटली की केंटाच्या पाठीवर वळ उठले असतील. तो काही बोलला नाही. त्यांच्याकडे बोलत नसावेत.

घरी आले तर हे माझ्यानंतर दहा मिनिटांनी दूध घेऊन आले. डेअरी कोपऱ्यावर. एवढा वेळ लागतो कशाला, देव जाणे. घामही आला होता.

११ मे

पोरं मोठी गुणी आहेत. एक गोष्ट लिहायची राहून जाते रोज. पळताना बसलेल्याला कोणाचा पाय लागला की पळणारा थांबतो, त्याला हात लावतो आणि तो हात छातीला लावून नमस्कार करतो. योनाससुद्धा! अचिएंगसुद्धा! सगळ्या देशांत हा संस्कार असेल असं मला वाटलं नव्हतं. आपण उगीच आपलीच पाठ थोपटत असतो. घरी यांना सांगितलं तर म्हणाले, "हो का?" आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. मग म्हणाले, "तो उंच पोरगा वाकतो फार." उंच पोरगा यांना कुठून माहीत? मीच सांगितलं असेन.

१४ मे

अब्रू गेली.

मांजरी गावचे सोनबा माझे जुने स्नेही. शेतकरी माणूस, पण गावातल्या मुलींना खो-खो शिकवतात. त्यांच्या आठवीतल्या पोरी सरावाच्या सामन्याला बोलावल्या होत्या. म्हटलं, शेवटच्या संध्याकाळी यांच्याशीच खेळवू, आधी अंदाज येईल. आणि नेमके आज अध्यक्ष सकाळचे फिरायला मैदानावर आले. केयूरनेच आणलं असणार. मुद्दाम. मला खात्री आहे.

आमची पाळी पाठलागाची. अचिएंग सुसाट निघाली, गडी हातभर अंतरावर, आणि तिचा पाय केंटाच्या पावलाला लागला. ही थांबली. वाकली. नमस्कार केला. आता केंटाला कोणी नमस्कार केला आणि तो बसून राहील? तो उठून उभा राहिला आणि कमरेत वाकून उलटा नमस्कार केला. पंचांनी शिट्टी मारली. खो नसताना उठला, म्हणून फाउल. पुढे योनास पळाला. त्याचा पाय दोघांना लागला, दोघांना नमस्कार. व्हिएतनामची एक मुलगी तर राहिलेला नमस्कार करायला परत मागे आली! दिशा बदलली म्हणून आणखी एक फाउल.

मांजरीच्या पोरी आधी गोंधळल्या, मग पोट धरधरून हसल्या. त्यांची कप्तान मुक्ताई, एवढीशी चिमुरडी, ती तर खांबाला टेकून मजेत उभी होती. तिच्यामागे कोणी येतच नव्हतं. त्यांचे बारा गडी बाद करायचे सोडून आम्ही दोन केले.

सोनबा माझ्याजवळ आले. "बाई, ह्या पोरांचं काय नवस-बिवस हाय का? दर पावलाला पाया पडत्यात."

अध्यक्ष म्हणाले, "विनोदी कार्यक्रम म्हणून छान आहे." आणि केयूरकडे वळून, "त्या झुंबावाल्या मॅडमचा नंबर पाठवा मला."

मी घरी येऊन रडले. लिहिते आहे कारण दुसरं काय करू?

१५ मे

सगळ्यांना रांगेत उभं केलं. विचारलं, हे नमस्काराचं खूळ कुणी काढलं? आपापल्या देशात करा काय करायचं ते, खेळात कशाला?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अचिएंग म्हणाली, "पण हा तर खेळाचा नियम आहे. आमच्याकडे असं काही नसतं."

"आमच्याकडेही नाही," योनास म्हणाला. केंटानेसुद्धा मान हलवली.

मी रुपालीवर घसरले. "तू शिकवलंस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात योनासने फोन पुढे केला. पहिल्या दिवशीचं चित्रण. मी पळतेय, पदर खोचलेला, आणि बसलेल्या पोरांना माझा पाय लागतोय, आणि दर वेळी माझा हात खाली जातोय आणि छातीशी येतोय. एकदा नाही, प्रत्येक वेळी. पळता पळता, न थांबता, डास झटकावा तसा. मला पत्तासुद्धा नाही.

मला असं हसू फुटलं की खाली बसावं लागलं. छत्तीस वर्षं मी हे करत आले आणि मला कुणी सांगितलं नाही! अहो, सांगणार कोण? माझ्या मुली तेच करत होत्या. आमचा हात पळताना जातो. यांनी मात्र थांबून, वाकून, नियम म्हणून मन लावून केलं. म्हणजे अब्रू घालवली ती मीच. पोरांनी तर इमानेइतबारे शिकलेलं करून दाखवलं.

१६ मे

नमस्कार बंद. फर्मान काढलं. पाय लागला तर लागू दे, पुढे पळा.

बाकीचे चार-सहा वेळा अडखळले आणि जमलं त्यांना. पण काहीतरी उणं झालं. आधी मोकळी पळायची, आता पाय लागू नये म्हणून बिचकून पळतात. आणि रुपालीचं तर सगळंच बिघडलं.

१८ मे

रुपाली बसलेल्यांपासून हातभर लांबून पळते. एवढ्या लांबून पळाल्यावर खो द्यायला हात कुठे पोचणार? सराव संपल्यावर तिला नळाजवळ गाठलं.

"काय झालंय?"

"बाई, पाय लागला की हात आपोआपच जाते. तो आवरला तर दिवसभर वाटत राह्यते का आपण योनासला लाथ मारून आलो अन् वर काही बोललो नाही." तिने तोंडावर पाणी मारलं. "मले राखीव खेळाडूंत बसवा. माझ्यामुळं साऱ्यायचं नुकसान होऊन राह्यलं."

मी तोंडाने फटकळ आहे, पण मनाने नाही. म्हटलं, "रुपाली, माझा संघ तुझ्या जोरावर उभा आहे. तू राखीवमध्ये बसलीस तर मी झुंबा शिकायला जाईन." ती हसली नाही. मला कळतंय तिचं. माझाही हात तसाच जातो, आणि मला तरी कुठे थांबवता आलाय? आता कळल्यावर तर काल भाजीवालीला पाय लागला तेव्हा दोनदा केला.

शेवटची संध्याकाळ आठवड्यावर आली. कोर्स हातचा चालला असं आज पहिल्यांदा वाटलं.

१९ मे

अचिएंगने सोडवलं!

सकाळी सगळे गोल करून बसले होते. रुपालीने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, की मला हे जमत नाही, मला वगळा. योनास म्हणाला, "मला लाथ लागली तरी चालते, मी रागावत नाही." रुपाली म्हणाली, "तुझ्या रागाचा प्रश्न नाही. माझ्या हाताचा आहे."

अचिएंग बराच वेळ गवत उपटत होती. मग म्हणाली, "पाय लागल्यावरच करायला पाहिजे का? आधी केला तर नाही चालत?"

"आधी म्हणजे?"

"खेळ सुरू व्हायच्या आधी. आज मी तुला किती लाथा मारणार आहे ते मला माहीत नाही. पण मारणार आहे, हे नक्की. तर सगळ्यांचा नमस्कार आधीच करून टाकू. मग खेळताना कुणाचं मन खाणार नाही."

मी म्हटलं, "असं कुठे असतं का?" आणि म्हणता म्हणताच वाटलं, का नसावं? कुणाच्या पोथीत लिहिलंय की नंतरच करावा?

रुपाली उठली. एकेकासमोर गेली, त्याच्या पावलाला हात लावला, छातीला लावला. योनास, अचिएंग, सगळे. मग बाकीचेही उठले. त्यात गोंधळ उडाला. कोणाचा कोणाला झाला, कोणाचा राहिला, कळेना. तेव्हा केंटा, दोन आठवड्यांत स्वतःहून कधी न बोललेला केंटा, उभा राहून म्हणाला, "दोन रांगा करा. एक रांग बसेल, एक चालेल. मग बदला." आणि त्याने हाताला धरून सगळ्यांना उभं केलं. शेवटी अचिएंगसमोर आला तेव्हा इतका वेळ वाकला की मागची रांग खोळंबली. पाठीत उसण भरली की काय कोण जाणे. अचिएंग मात्र लाजल्यासारखी का करत होती, ते मला समजलं नाही.

त्यानंतर रुपाली पळाली. अगदी रांगेला घासून. पाय लागले, एकदा नाही, कितीतरी वेळा. हात खाली गेला नाही. मी शिट्टी वाजवायची विसरले.

२२ मे

केयूर म्हणाला, झुंबावाल्या मॅडमना रविवारी यायला जमत नाही, त्यामुळे संध्याकाळची सगळी वेळ आपल्याला. नशीब लागतं! मी त्याला विचारलं, "तुम्ही फोन केला होता ना त्यांना?" तर म्हणाला, "केला होता. लागला नाही." आणि गालातल्या गालात हसला. या माणसाचं एक काम धड होत नाही, पण यावेळी माझ्या पथ्यावर पडलं.

२४ मे, रविवार

अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

मैदान भरलं होतं. अध्यक्ष पहिल्या खुर्चीवर, पाहुणे, प्राध्यापक, मांजरीहून टेंपोने आलेले पोरींचे आईबाप. हेही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "तो योनास. सुरुवातीला उशिरा यायचा, आता पहिला असतो. ती अचिएंग, तिचा खो बघा." यांना कुणी सांगितलं हे सगळं? विचारायला फुरसत नव्हती.

आमची पोरं दोन रांगा करून नमस्कार करायला लागली. लोकांत कुजबुज झाली, अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मुक्ताई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती रुपालीला म्हणाली, "हे काय चाललंय?" रुपालीने सांगितलं. मुक्ताईने सोनबांकडे बघितलं.

सोनबा म्हणाले, "बघतीस काय? त्यांचा पाय तुला लागंल, तुझा त्यांला लागंल. आपून बी करू."

मग दोन्ही संघ. डोक्यावर पदर घेतलेल्या त्यांच्या आया टेंपोजवळून बघत होत्या, आणि त्यांच्या आठवीतल्या पोरी केंटाच्या पावलांना हात लावत होत्या, आणि केंटा त्यांच्या. कुणी हसलं नाही. मी शिट्टी वाजवली.

एकेकच डाव ठरला होता. पहिला पाठलाग मांजरीचा. पोरी कसल्या, पारा नुसता! आमचे नऊ गडी बाद केले. लोक म्हणायला लागले, झालं, आता काय उरलंय.

मग आमची पाळी. अचिएंग उठली, पळाली, आणि दिला खो. योनास उठला, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. खो. व्हिएतनामची मुलगी. खो. पाय लागत होते, धूळ उडत होती, योनासच्या नडगीवर कुणाचा तरी बूट बसला, तो नुसता ओठ चावून बसून राहिला. केंटाच्या मांडीला लागला तर तो हललासुद्धा नाही. एक गडी, दोन, चार. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. सात. आठ. मी किंचाळत होते, मराठीत, आणि आता सगळ्यांना सगळं समजत होतं.

नऊ झाले तेव्हा मुक्ताई मैदानात होती आणि वेळ संपत आली होती. बरोबरीत सुटणार, असं वाटलं. ती पोरगी रांगेतून सुई-दोऱ्यासारखी ये-जा करत होती. अचिएंगने तिला खांबाकडे रेटत नेलं आणि खो दिला योनासला. मुक्ताई खांबाला वळसा घालून पलीकडे. योनासने लगेच खांबाजवळच्या रुपालीच्या पाठीवर हात मारला. खो! रुपाली उठली, तिचं पाऊल योनासच्या हातावर पडलं, चांगलं जोरात, मला लांबूनही दिसलं. आणि ती थांबली नाही. एका पावलात खांब गाठला, एका हाताने तो धरला आणि दुसरा हात पुढे करून सूर मारला. लांबच्या लांब. बोटं मुक्ताईच्या टाचेला लागली. त्याच क्षणी शिट्टी.

दहा!

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती. योनास सुजलेला हात सगळ्यांना दाखवत नाचत होता. मुक्ताई धुळीतून उठली आणि रुपालीला म्हणाली, "ताई, परत खेळू. आत्ताच." सोनबा फेटा सारखा करत म्हणाले, "बाई, तीन आठवड्यांत? काय खायला घातलंत पोरांस्नी?" आणि हे उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते.

अध्यक्ष माझ्याकडे आले. "अप्रतिम! कोर्स करायचाच. पण बाई, तुमचं वय बघता, वर्षभर झेपेल का? एखादा तरुण शिक्षक नेमून तुम्ही आपलं मार्गदर्शन..."

मी म्हटलं, "अध्यक्षमहाराज, असं करू. या मैदानाला आपण दोघं चकरा मारू. आत्ता. जो आधी थांबेल त्याने मार्गदर्शन करावं."

सगळे हसले. अध्यक्षांनी आपल्या पोटाकडे बघितलं आणि तेही हसले. तेवढ्यात केयूरने लॅपटॉपच्या पिशवीतून कागद काढला. कोर्सचा पूर्ण प्रस्ताव, प्रमुख म्हणून माझं नाव, फक्त अध्यक्षांची सही बाकी. एवढ्या घाईत याने कधी टाईप केलं? ही कॉम्प्युटरवाली पोरं विलक्षणच. अध्यक्षांनी तिथेच केयूरच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.

जिंकलो! मी जिंकले! असं लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

२६ मे

पोरं गेली. विमानतळावर सोडायला गेले होते. केंटाचं तिकीट जपानचं होतं, ते त्याने नैरोबीमार्गे करून घेतलंय. एवढा वळसा! स्वस्त पडत असेल.

१ जून

कोर्सचा पहिला दिवस. कॉलेजची पोरं, मांजरीहून मुक्ताई आणि तिच्या मैत्रिणी, वाघोलीहून दोन बस बदलून आलेली रुपाली, आता माझी मदतनीस म्हणून. संस्थेतले तीन नायजेरियन विद्यार्थी नाव नोंदवायला आले. शिवाय दोन प्राध्यापिका, "बाई, आम्ही आलो तर चालेल का?" म्हणत. चालेल म्हणजे? धावेल! मैदान आखलं, रांगा बसवल्या, पळून दाखवलं. घसा बसला, गुडघा सुजला, ऊन डोक्यावर आलं तरी कुणी घरी जायचं नाव घेईना.

केयूर पाण्याची बाटली घेऊन आला. "बाई, दमलात?"

"दमायला मी काय घरी बसले होते?"